एका मूषकद्वेष्ट्याचे निवेदन

माझं उंदराशी वैर आहे, हे सुरुवातीलाच जाहीर करून टाकतो. धान्याच्या कोठीतल्या उंदराशी नव्हे. त्याचं आणि माझं बरं चाललं आहे. तो ज्वारी खातो, मी तिचा भाव ऐकून चक्कर खातो. वैर आहे ते टेबलावरच्या उंदराशी. संगणकाच्या उजव्या बाजूला पाठ चपटी करून बसलेला, पोटात लाल दिवा लावलेला आणि माणसाचा सबंध हात स्वतःच्या पाठीवर ओढून घेणारा तो प्राणी, ज्याला इंग्रजीत माउस म्हणतात, तो माझ्या डोक्यात जातो.

याला कोणी धर्मद्रोह म्हणण्याआधी एक खुलासा करतो. उंदीर हे गणपतीचं वाहन आहे, हे मला मान्य आहे. पण गणपतीनं उंदीर ठेवला तो बसायला. महाभारत लिहून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं उंदराला हात लावला नाही. स्वतःचा दात मोडला आणि त्यानं लिहिलं. सांगणाऱ्यानं मध्ये थांबायचं नाही अशी अट घालणारा तो लेखनिक उंदीर सरकवत बसला असता तर आदिपर्वसुद्धा पुरं झालं नसतं. विद्येच्या देवतेनं वाहन कुठलं आणि लेखणी कुठली यात गल्लत केली नाही. गल्लत आपण केली.

आता मी कोण आणि मला हे सांगायचा अधिकार काय, ते सांगतो. मी राजापेठेत राहतो. नोकरी पुण्याच्या एका कंपनीत. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि माझ्यापुरतं ते परत बोलवायचं विसरली. तेव्हापासून वरच्या खोलीत टेबल, खुर्ची, एक कूलर आणि एक इन्व्हर्टर एवढ्या भांडवलावर मी पुण्याची चाकरी करतो. राजापेठेला हे पचायला वेळ लागला. सकाळी अकरा वाजता जो कर्ता पुरुष घरात दिसतो तो एकतर आजारी असतो, नाहीतर सस्पेंड झालेला असतो, अशी आमच्या भागाची सरळ समजूत आहे.

शेजारच्या काकाजींनी तर एकदा फाटकाशी उभं राहून विचारलंच, "भाऊ, दिवसभर घरीच दिसता. तब्बेत तं बरी हाय नं?"

"बरी आहे काकाजी. घरूनच काम असतं."

"कायचं काम?"

"डबे सांभाळतो."

"जेवनाचे?"

"नाही हो. मालाचे."

"मंग बडनेऱ्याले जा लागत असन नं?" काकाजी म्हणाले आणि आपण रेल्वेतल्या माणसाशी बोलतो आहोत या समजुतीनं दोन पावलं जवळ आले. त्यांच्या नातवाचं रिझर्वेशन अडलं होतं.

काकाजींचा काही दोष नाही. माझ्या धंद्याची सगळी भाषाच गोदीतून आणि शेतातून उचललेली आहे. १९५६ सालच्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकवाल्यानं 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ सारखे डबे चढवले आणि नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. तोवर गोणी, पेटी, पिंप असा एकेक नग हमाल पाठीवर वाहत. मॅक्लीननं सांगितलं, आत काय आहे ते मला नको, डबा तेवढा एका मापाचा द्या. पुढं न्हावा-शेव्याचं बंदर याच डब्यांसाठी उभं राहिलं. संगणकवाल्यांनी ही युक्ती साठ वर्षांनी चोरली. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं मीठमसाला एका डब्यात भरायचं. मग तो डबा कुठल्याही मशीनवर ठेवा, चालला पाहिजे. २०१३ साली डॉकर नावाची वस्तू आली, तिच्या चिन्हावर पाठीवर डबे घेतलेला देवमासाच आहे.

डबे चारदोन असतात तोवर माणूस हातानं सांभाळतो. हजारो झाले की मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे कुबरनेटीस. २०१४ साली गूगलनं तो जगासाठी मोकळा केला. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या 'के' आणि शेवटच्या 'एस'च्या मध्ये आठ अक्षरं येतात म्हणून आळशी लोक त्याला 'के-आठ-एस' म्हणतात. यात डबे एकेकटे नसतात, शेंगेत असतात. इंग्रजीत पॉड. तुरीच्या शेंगेत जसे दाणे, तसे पॉडमध्ये डबे. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

या मुकादमाचा स्वभावही सांगतो, कारण पुढच्या भांडणाला तो लागतो. त्याला कामं सांगायची नसतात, फक्त शेवटी काय दिसायला हवं ते सांगायचं. 'या शेंगा पाच हव्यात' म्हटलं की पाच. एक मेली की तो दुसरी उभी करतो. तीही मेली तर पुन्हा. प्रत्येक वेळी थोडं जास्त थांबून: दहा सेकंद, वीस सेकंद, चाळीस सेकंद, असं करत पाच मिनिटांपर्यंत. मग पाच-पाच मिनिटांनी जन्मभर. त्या अवस्थेला 'क्रॅशलूपबॅकऑफ' असं खास नाव आहे. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी हेच करतात, पण त्यांना कोणी नाव दिलं नाही.

तर अशा दोनेक हजार शेंगांवर माझी राखण असते. आणि राखणीला कुत्रा लागतो.

हा कुत्रा म्हणजे 'के-नऊ-एस'. इंग्रजीत 'के-नाइन' म्हटलं की कुत्र्याचा वास येतोच, शिवाय आठाच्या पुढं नऊ. असा दुहेरी विनोद. फर्नांड गालियाना नावाच्या माणसानं तो लिहिला, २०१९ साली तो फिरू लागला, आणि फुकट आहे. त्याला चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर अक्षरांचा एक तक्ता दिसतो: शेंगेचं नाव, जिवंत की आजारी, कितीदा मरून उठली, किती मेमरी खाते, वय काय. तक्ता आपोआप ताजा होत राहतो. आणि चालवायचा सगळा बोटांनी. 'जे' म्हणजे खाली, 'के' म्हणजे वर. तिरकी रेघ मारून नावाचे दोन तुकडे टंकले की दोन हजारांतल्या तेवढ्याच उरतात. 'डी' म्हटलं की त्या शेंगेची सगळी कुंडली. 'एल' म्हटलं की ती या क्षणी काय बडबडते आहे ते. 'एस' म्हटलं की आपण थेट तिच्या घरात. 'एस्केप' म्हटलं की सभ्यपणे मागच्या पावली बाहेर. आणि माझं सर्वांत लाडकं अक्षर 'पी': मरून पुन्हा उठलेल्या डब्याच्या मागच्या जन्मातले शेवटचे शब्द. बहुतेक वेळा तेवढ्यात खून कोणी केला ते कळतं.

रात्री दोनला फोन वाजतो. कुठल्यातरी देशात कोणाचातरी पैसा अर्ध्या वाटेत अडकलेला असतो. मी उठतो, बोटं चालतात: तिरकी रेघ, नाव, 'डी', 'एस्केप', 'पी'. मेमरी कमी पडून मेला. आकडा वाढवायचा, झोपायचं. बायको कूस बदलून विचारते, "कोणाचा होता हो?" मी सांगतो, "राँग नंबर." या सबंध प्रकारात उजवा हात एकदाही टेबलाच्या काठाकडे गेलेला नसतो.

आणि आता मूळ भांडण. कंपनीचं (नाव सांगत नाही; पगार एक तारखेला येतो) एक परिपत्रक आलं. पुढच्या तिमाहीपासून ही काळी खिडकी बंद. त्याऐवजी सगळ्यांनी एक रंगीत डॅशबोर्ड वापरायचा. त्यात शेंगा हिरव्या-तांबड्या टिकल्यांच्या रूपानं दिसतील, घड्याळाचे काटे हलतील, आणि सगळं उंदरानं चालेल. कारण काय? तर 'वापरायला सोपं, शिकायला सोपं आणि दिसायला आधुनिक.'

या तीन शब्दप्रयोगांचा एकेक करून समाचार घेण्यासाठी हा लेख आहे.

आधी 'दिसायला आधुनिक.' उंदराचा जन्मदाता डग्लस एंगेलबार्ट. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं उंदीर जगाला दाखवला. म्हणजे उंदीर वयानं माझ्याहून मोठा आहे. बरं, त्या दिवशी एंगेलबार्टच्या उजव्या हातात उंदीर होता; डाव्या हाताखाली काय होतं? पाच बटणांचा एक छोटा संच. अक्षरं आणि हुकूम द्यायला. उंदराच्या बापालासुद्धा नुसत्या उंदरावर भागवता आलं नाही! वारसदारांनी डावा हात तेवढा सोयीस्करपणे विसरून टाकला.

उलट माझे 'जे' आणि 'के' कुठून आले पाहा. १९७६ साली बिल जॉय नावाचा विद्यार्थी 'व्हीआय' नावाचा मजकूर-संपादक लिहीत होता. त्याच्या पुढ्यातल्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. बाण 'एच', 'जे', 'के', 'एल' या अक्षरांवरच छापलेले होते. त्यानं तीच अक्षरं घेतली. ते टर्मिनल भंगारात गेलं, कारखाना गेला, पण पन्नास वर्षं झाली तरी जगातले लाखो लोक खाली जायला 'जे' दाबतात. ज्या सवयीला पन्नास वर्षांत गंज चढला नाही तिला जुनाट म्हणायचं, आणि दर तिमाहीला जिची बटणं डावीकडून उजवीकडं जातात त्या पाटीला आधुनिक म्हणायचं, हा न्याय कुठला?

आता 'वापरायला सोपं.' कोणाला? वर्षातून दोनदा डोकावणाऱ्या साहेबाला सोपं, हे मी मान्य करतो. लग्नात अल्बम पाहणाऱ्याला चित्रंच लागतात. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला अल्बम देऊन काय उपयोग? तिला हिंग कुठं आहे ते न पाहता हाताला लागलं पाहिजे. उंदराचं दुखणं हेच आहे की तो दर वेळी बघायला लावतो. आधी बाण शोधा, मग टिकली शोधा, मग बाण टिकलीवर न्या, मग जरा पुढं गेला म्हणून मागं आणा. हे सगळं करून झालं की मनात जो विचार होता तो जिन्यावरून उतरून गेलेला असतो. बोटांचं तसं नाही. बोटांना पत्ता पाठ असतो. डोळे आणि डोकं दोन्ही दुखण्याकडं मोकळे राहतात.

आणि वजनाचं काय? जुन्या टर्मिनलचा पडदा ऐंशी अक्षरं रुंद आणि चोवीस ओळी उंच. गुणाकार करा: १९२० अक्षरं. पोस्टकार्डावर बारीक अक्षरात मावतील. माझी काळी खिडकी त्याच घराण्यातली. रंगीत डॅशबोर्ड उघडताना जी चित्रं, जे फाँट, जी काटेवाली घड्याळं येतात त्यांचं वजन अशा शेकडो पोस्टकार्डांएवढं. पुण्याच्या काचेच्या इमारतीत ते जाणवत नाही. राजापेठेत मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला, लाइन गेलेली, इन्व्हर्टर कण्हतो आहे आणि इंटरनेट मोबाइलच्या एका दांडीवर लटकलेलं, अशा वेळी जाणवतं. अक्षरं त्या दांडीवरूनही चालत येतात. चित्रं येत नाहीत. त्यांच्या जागी गोल गोल फिरणारं एक चक्र येतं.

हसण्यावारी नेऊ नका. माझी नोकरी या पोस्टकार्डावर उभी आहे, आणि माझ्यासारख्या कित्येकांची. बडनेऱ्याच्या आणि अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात आणि त्यांतली बरीचशी अमरावती एक्सप्रेसनं नाहीतर ट्रॅव्हल्सच्या स्लीपरनं मुंबई-पुण्याला पोचती होतात. मागं राहतात म्हातारी माणसं, बंद खोल्या आणि दिवाळीपुरते उघडणारे पडदे. जे काम पातळ तारेवरून होऊ शकतं ते वऱ्हाडातून होऊ शकतं. तेच काम उगाच जाड केलं की ते मोठ्या शहरात जातं. कंपनीच्या लेखी हा रंगसंगतीचा प्रश्न असेल. माझ्या लेखी तो आईच्या औषधाच्या वेळी घरात कोण असावं याचा प्रश्न आहे.

तिसरं, 'शिकायला सोपं.' इथं मला खरोखर राग येतो. कारण हे म्हणणाऱ्यांचा समज असा की बोटांची विद्या ही फार अवघड, फार परकी, अमेरिकन पोरांनाच जमणारी चीज आहे. अहो, ही विद्या आपल्या घरातली होती! गल्लोगल्ली टायपिंगचे क्लास होते. पत्र्याच्या छपराखाली ओळीनं मशीनं, आणि दुपारी चारला तिथून असा आवाज यायचा की जणू गारांचा पाऊस. गोदरेजनं १९५५ पासून देशी मशीन करायला घेतलं, आणि मध्यमवर्गातल्या दोन पिढ्या 'ए-एस-डी-एफ' गिरवत नोकरीला लागल्या. दहावी झाली की मुलाला विचारायचे, इंग्रजी चाळीस झालं का? मराठी तीस झालं का? मुलीला तर लग्नाआधी एवढं तरी पाहिजेच. डोळे कागदावर, बोटं मशीनवर, खाली पाहिलं की मास्तरची पट्टी.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. मराठी चाळीस झालेल्या. तीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखन करून निवृत्त झाल्या. एकदा त्या वर आल्या, माझ्या मागं उभ्या राहिल्या आणि बराच वेळ माझी बोटं पाहत होत्या. मला वाटलं, आता 'डोळे खराब होतीन' म्हणणार. त्या म्हणाल्या, "बाबू, तुह्या डाव्या हाताची करंगळी चुकून रायली." आणि खरंच चुकत होती, असं त्यांचं ठाम मत आहे. मग म्हणाल्या, "हे तं आमचंच काम हाय की रे बाप्पा. तुले एवढा पगार कायचा देतेत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि कंपनीजवळही नसावं.

कारण मावशींचं काम आपण कधी विद्या म्हणून मोजलंच नाही. त्याला म्हणायचे 'कारकुनी'. बोटांनी करायचं ते खालचं, डोक्यानं करायचं ते वरचं, अशी आपली जुनी वर्णव्यवस्था आहे. जणू बोटं खांद्यापर्यंत जाऊन संपतात! बडनेऱ्याच्या खिडकीमागचा तो आरक्षणाचा बाबू आठवा. नवी दिल्लीत १९८५ साली रेल्वेचं संगणकीय आरक्षण सुरू झालं आणि मग ते देशभर पसरलं. बाबूच्या पुढ्यात काळा पडदा, त्यावर अक्षरं. आपण खिडकीतून 'साहेब, दोन लोअर' म्हणेपर्यंत त्यानं बडनेऱ्याचं 'बीडी', नागपूरचं 'एनजीपी', गाडीचा नंबर, तारीख, वर्ग सगळं टंकून 'वेटिंग चौदा' असं आपल्या तोंडावर मारलेलं असे. मान वर न करता. आपल्याला तो माजोरी वाटायचा. आज तीच कला मी करतो तर मला वार्षिक कार्यक्रमात टाळ्या पडतात. त्याला कधी कोणी टाळी दिली? सुट्टे द्या म्हणून त्याच्याशी भांडण तेवढं केलं.

आणि आपले मुनीम! अकोल्याच्या कापूसबाजारात, अमरावतीच्या कुठल्याही अडत दुकानात जा. टॅली चालू असतं. १९८६ साली गोयंका पितापुत्रांनी काढलेल्या कंपनीचं हे देशी हिशेबाचं यंत्र. मुनीमजींची बोटं पाहा: एफ-पाच पेमेंट, एफ-सहा पावती, एफ-आठ विक्री, एफ-नऊ खरेदी, कंट्रोल-ए झालं. एका हातात चहा. त्यांच्या टेबलावर उंदीर असतो, नाही असं नाही. त्याच्यावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवलेली असतात. मुनीमजींना कोणी सांगावं की उद्यापासून प्रत्येक व्हाउचर चित्रावर टिचकी मारून करा. मार्चअखेरीस ते दुकानच बंद करतील. मग जे बारावी झालेल्या मुनीमजींना शिकायला अवघड गेलं नाही ते बी. ई. झालेल्या पोरांना अवघड जातं, हा युक्तिवाद कंपनीनं कुठल्या तोंडानं करावा?

शिवाय या कुत्र्याला प्रश्नचिन्हाचं बटण आहे. दाबलं की सगळे हुकूम पडद्यावर हजर. यापेक्षा सोपं शिक्षण आमच्या शाळेत नव्हतं. तिथं प्रश्नचिन्ह केलं तर छडी मिळायची.

आता विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मात्र खरं आहे आणि ते मी टाळणार नाही. बोटाच्या हुकमात ताकद फार असते. या कुत्र्यात कंट्रोल-डी दाबलं की तो निदान विचारतो, 'खरंच मारू?' कंट्रोल-के दाबलं तर विचारत नाही. मारतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनमध्ये एका माणसानं थोडी मशीनं काढायचा हुकूम टंकला, त्यातला एक शब्द चुकला, आणि भलतीच जास्त मशीनं गेली. चारेक तास निम्मं इंटरनेट आजारी. परिपत्रकवाले हे उदाहरण छातीठोकपणे देतात. पण ते अर्धंच सांगतात. ॲमेझॉननं पुढं काय केलं? हुकूम बंद केला? सगळ्यांच्या हाती उंदीर दिला? नाही. त्या अवजारालाच लगाम घातला: मशीनं सावकाश निघतील आणि अमुक एका संख्येच्या खाली कमी होणारच नाहीत. विळीनं बोट कापलं म्हणून कोणी भाजीचं चित्र कापत नाही. विळीला आडणी नीट बसवतात. आमच्या कुत्र्यालाही 'फक्त वाचायचं' असं मुसकं घालता येतं आणि कोणाला काय मारायची परवानगी आहे हे मुकादमाकडं लिहून ठेवता येतं. नव्या पोराला मुसक्यासकट द्या. हे शहाणपण झालं. बंदी हे शहाणपण नव्हे.

आणि चित्रं म्हणजे सुरक्षित हे तर कोणी सांगूच नये. २०१८ साली उघडकीला आलं की टेस्ला या बड्या मोटार कंपनीच्या कुबरनेटीसचा असाच एक डॅशबोर्ड जगासमोर उघडा होता आणि त्याला पासवर्डच नव्हता. चोर आत शिरले आणि टेस्लाच्या मशीनांवर स्वतःसाठी आभासी नाणी पाडत बसले. दार सुंदर होतं, कडी नव्हती. दोष चित्राचा नव्हता, हे मी मानतो. मग माझ्या बाबतीत दोष बोटांचा होता असं तरी का मानायचं?

पण खरी भीती वेगळीच आहे. चित्र माणसाला विचारू देत नाही. ज्यानं फलक बनवला त्याला जे प्रश्न सुचले तेवढीच उत्तरं त्यावर असतात. दुखणं मात्र नेहमी न सुचलेल्या प्रश्नात असतं. हिरवी टिकली बघून घरी जाणाऱ्यांची एक पिढी तयार झाली की टिकलीमागं काय चालतं हे जाणणारा कोणी उरत नाही. मग एक दिवस फलकच बंद पडतो, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात. नाडी बघणारे वैद्य गेले आणि रिपोर्ट वाचणारे आले, इथपर्यंत ठीक. रिपोर्टवरचा हिरवा रंगच बघणारे आले तर रोग्यानं कुणाकडं बघायचं?

न्यायाखातर आमच्या पक्षातल्या कडव्यांनाही दोन शब्द सुनावतो. काही महाभाग असे आहेत की त्यांना माझा कुत्रासुद्धा चैन वाटतो. ते प्रत्येक हुकूम सबंध टंकतात, हातभर लांब, नावगावासकट, आणि त्या हुकमाच्या पहिल्या शब्दाचा उच्चार 'क्यूबकंट्रोल' करायचा, 'क्यूबसीटीएल' करायचा की 'क्यूबकटल' यावर जेवणं सोडतात. त्यांना माझा नमस्कार. पण रात्री दोन वाजता सोवळं पाळण्याइतकी माझी तपश्चर्या नाही.

तेव्हा राजापेठेच्या रिवाजाप्रमाणे निवेदन देतो. आमच्याकडं कुठलाही विचार निवेदन झाल्याशिवाय पुरा होत नाही. मागण्या तीन. एक: काळी खिडकी बंद करण्याचं परिपत्रक मागं घ्यावं; ज्याला चित्र हवं त्यानं चित्र बघावं, ज्याला काम आहे त्याच्या बोटांना अडवू नये. दोन: नव्या मुलांना पहिले पंधरा दिवस टंकलेखन शिकवावं आणि त्यासाठी गल्लीतल्या मावशींना साहेबांच्या दरानं मानधन द्यावं. तीन: 'कारकुनी' हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यास एक आठवडा मार्चअखेरीस मुनीमजींच्या हाताखाली बसवावं.

मागण्या मान्य न झाल्यास आंदोलन करीन. उपोषण नाही, गिला वडा समोर असताना राजापेठेत ते टिकत नाही. मी फक्त एवढंच करीन की पुढच्या वेळी रात्री दोनला फोन आला की कंपनीच्या आज्ञेप्रमाणे उंदीर हातात घेईन, चष्मा लावीन आणि टिकली शोधायला लागेन. कोणाचा कितीही पैसा अडकला असला तरी घाई करणार नाही. काकाजींनी सकाळी विचारलं तर सांगीन, तब्येत बरी आहे, जरा आधुनिक झालो आहे.